लिथियम पॉलिमर बॅटरी, रेडिओ-नियंत्रित मोटारशर्यतींतील
रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतींत निकेल-मेटल हायड्राइडची जागा घेतलेली, वजनाला हलकी पण मोठा विद्युतप्रवाह देणारी बॅटरी. सेलचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. त्यापुढे चार्ज केल्यास किंवा टकरीत सेल चेपल्यास आतला पातळ विभाजक पडदा निकामी होऊ शकतो. मग शॉर्ट सर्किट होऊन ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट पेटतो आणि आग शेजारच्या सेलमध्ये पसरते. म्हणून अनेक स्पर्धांत कठीण प्लॅस्टिकचे कवच सक्तीचे असते. सेल समतोल राखणारा चार्जर, अग्निरोधक पिशवी आणि जवळ जागता माणूस, यांतले काहीही वगळू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरणे तर निव्वळ अविचार. साठवताना दाब सेलमागे सुमारे ३.८ व्होल्ट ठेवतात.