शाळेचा निकाल नेमका कोणाचा?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रोटन या निवासी शाळेतून १९०६ ते १९३२ या काळात ४०५ मुलांनी हार्वर्ड विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केले. त्यांपैकी ४०२ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरात नव्व्याण्णवांहूनही थोडे अधिक! निकालाच्या दिवसांत आपल्याकडे शाळांच्या फाटकांवर जे फलक झळकतात, त्यांत असा आकडा दिसला असता तर शिकवावे तर या शाळेसारखे, असे आपण सहज म्हणून गेलो असतो. या एका आकड्याचा नीट अर्थ लावायला मात्र अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांना फार वर्षे लागली. शाळेच्या निकालात शाळेचा वाटा किती आणि मुलांनी घरून आणलेल्या शिदोरीचा किती, हा तो प्रश्न. तो कसा सुटत गेला, आणि कुठे अजून सुटलेला नाही, हे आपण या लेखात पाहू.

ग्रोटनची स्थापना १८८४ मध्ये एंडिकॉट पीबॉडी या धर्मोपदेशकाने केली. त्यांचे स्वतःचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते आणि तिथल्या पब्लिक स्कूलचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. मुले छोट्या खोपटांत झोपत, थंड पाण्याने अंघोळ करत, प्रार्थना आणि खेळ चुकवत नसत. बुद्धीपेक्षा शील मोठे, ही पीबॉडींची धारणा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मुले मात्र अमेरिकेतील अतिश्रीमंत घराण्यांमधली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १८९६ ते १९०० या काळात इथेच शिकले आणि इथूनच हार्वर्डला गेले.

अशा शाळेतली जवळजवळ सगळीच मुले हार्वर्डला कशी पोचत? याचे पहिले कारण परीक्षेतच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक महाविद्यालय आपली प्रवेश-परीक्षा स्वतः घेत असे. एका महाविद्यालयाला लॅटिनचे एक पुस्तक हवे, तर दुसऱ्याला दुसरे. हा गोंधळ आवरण्यासाठी १९०० मध्ये महाविद्यालय-प्रवेश परीक्षा मंडळ स्थापन झाले. त्याच्या १९०१ मधल्या पहिल्या परीक्षेला देशभरातून ९७३ विद्यार्थी बसले. परीक्षा समान झाली खरी, पण तिचे विषय जुनेच राहिले. गावोगावच्या सरकारी शाळांत लॅटिनची तयारी पुरेशी होत नसे. ग्रोटन, अँडोव्हर, एक्झेटर यांसारख्या शाळांचा अभ्यासक्रम मात्र या परीक्षेला अनुरूपच आखलेला असे. परीक्षा ज्या भाषेत बोलते तीच भाषा शाळा बोलत असेल, तर निकाल चांगला लागण्यात नवल ते काय? शिवाय परीक्षा फार कठीण नव्हती. एखाद्या विषयात उणे पडले तरी ती उणीव नंतर भरून काढण्याच्या अटीवर प्रवेश मिळे. आणि जागांना मर्यादाच नव्हती. ज्याची फी भरण्याची ऐपत आहे आणि ज्याला परीक्षेची तयारी करून घेणारी शाळा लाभली आहे, त्याला दार बहुधा उघडे असे.

१९११ मध्ये हार्वर्डने एक नवी पद्धत आणली. शाळेतील अभ्यासाची नोंद समाधानकारक असेल तर केवळ चार विषयांची परीक्षा पुरे, असे ठरले. सरकारी शाळांतल्या हुशार मुलांना यावे हा त्यामागचा हेतू होता, आणि ती आलीही. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलांची संख्या मोठी होती. १९२२ पर्यंत हार्वर्डमधील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एक-पंचमांशाच्या घरात गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे रुचले नाही. त्यांनी संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड कोटा ठेवण्यास समितीने नकार दिला. मग आडवाटेने तेच साधण्यात आले. अर्जात नवे प्रश्न आले: वंश आणि धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? १९२६ पासून पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी एक हजारांची मर्यादा आली आणि गुणांबरोबर शील, व्यक्तिमत्त्व, नेतृत्व हेही पाहिले जाऊ लागले. अर्जासोबत छायाचित्र मागण्यात आले.

इथे क्षणभर थांबू. मुलाचे शील तपासायचे तर ते सांगणार कोण? अर्थातच मुख्याध्यापक. सरकारी शाळेत शेकडो मुलांमागे एक मुख्याध्यापक असे, आणि त्याला हार्वर्डमध्ये कोणी ओळखत नसे. ग्रोटनचे मुख्याध्यापक मात्र तिथल्या अधिकाऱ्यांच्या नित्य परिचयातले. त्यामुळे ज्यूंना रोखण्यासाठी बांधलेल्या या बांधाचा फायदा बड्या खासगी शाळांना आपोआप मिळाला. परीक्षेत कमी पडणाऱ्या मुलाची बाजू सावरायला आता एक अधिकृत मार्ग तयार झाला होता. ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण प्रवेशाच्या नियमांत तो कशासाठी घातला गेला हे लक्षात ठेवलेले बरे.

त्याच वर्षी, म्हणजे १९२६ मध्ये, परीक्षा मंडळाने पाठांतरावर अवलंबून नसलेली एक नवी चाचणी प्रथमच घेतली. तीच पुढे एस.ए.टी. या नावाने जगभर माहीत झाली. ८,०४० विद्यार्थी तिला बसले. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्षपद जेम्स कॉनंट यांच्याकडे आले. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि हरितद्रव्यावर त्यांनी संशोधन केले होते. दूरच्या राज्यांतील गुणी मुलांसाठी त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांची निवड करण्यासाठी ही चाचणी वापरली. घराण्यापेक्षा गुणवत्ता मोजावी, ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती. पण चाचणीतून कळते ते मूल कुठपर्यंत आले आहे हे. त्याला तिथपर्यंत शाळेने आणले की घराने, हे तिला सांगता येत नाही.

हे वेगळे कसे काढायचे? जवळपास याच सुमारास इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर शेतीच्या प्रयोगांत नेमका असाच गुंता सोडवत होते. एका वाफ्यात नवे खत घातले आणि पीक चांगले आले, तर श्रेय खताचे की मुळातच कसदार असलेल्या जमिनीचे? फिशरांचे उत्तर असे की कोणत्या वाफ्याला खत द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मग कसदार आणि हलकी जमीन दोन्ही बाजूंना सारखीच वाटली जाते. शाळांच्या बाबतीत अडचण ही की आईबाप मुलांना चिठ्ठ्या टाकून शाळेत घालत नाहीत. ग्रोटनमध्ये कसदार जमीनच वेचून घेतलेली होती आणि खतही तिलाच मिळत होते.

यावर अमेरिकेत एक धाडसी उपाय योजला गेला. प्रगतिशील शिक्षण संघ या संस्थेने १९३० मध्ये एक आयोग नेमला. सेंट लुइस येथील जॉन बरोज या खासगी शाळेचे मुख्याध्यापक विल्फर्ड एकिन हे त्याचे अध्यक्ष. शाळांची तक्रार साधी होती. महाविद्यालये प्रवेशासाठी जे विषय ठरवून देतात त्यामुळे शाळेचे हातपाय बांधले जातात. मुलांना आसपासचे प्रश्न, कला, विज्ञानातले प्रकल्प शिकवायला वेळच उरत नाही. आयोगाने ३०० हून अधिक महाविद्यालयांशी बोलणी केली आणि निवडक तीस शाळांतील मुलांसाठी ठराविक विषयांची अट शिथिल करून घेतली. या तिसांत डाल्टन, लिंकन, होरेस मान, मिल्टन अकादमी, विन्सर अशा नामांकित खासगी शाळा होत्या, तशाच डेन्व्हर, तुल्सा, डे मॉइन या शहरांच्या सरकारी शाळाही होत्या. १९३३ मध्ये शाळांनी आपापले नवे अभ्यासक्रम सुरू केले. १९३६ मध्ये त्यांची पहिली मुले महाविद्यालयांत दाखल झाली. हाच तो प्रसिद्ध ‘आठ वर्षांचा अभ्यास’.

आमच्या मते या प्रयोगाचे खरे मोल त्याच्या तुलनेच्या रीतीत आहे. किती मुलांना प्रवेश मिळाला, हे त्यांनी यश मानले नाही. प्रवेश मिळाल्यानंतर मुलांचे काय झाले, हे त्यांनी पाहिले. आणि तेही एकेकटे नव्हे. तीस शाळांतून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्याच महाविद्यालयातला, पण नेहमीच्या पद्धतीच्या शाळेतून आलेला एक जोडीदार शोधण्यात आला. वय, लिंग, वंश, बुद्धिमापन चाचणीतील गुण, घरची परिस्थिती, गाव लहान की मोठे, आवडीनिवडी, पुढे काय व्हायचे आहे, हे सगळे शक्य तितके जुळवून घेतले. समजा, वकिलाची सतरा वर्षांची, संगीताची ओढ असलेली मुलगी एका प्रयोगशील शाळेतून आली असेल, तर तशीच दुसरी मुलगी तिच्याच वर्गातून हुडकून काढायची. अशा १,४७५ जोड्या जमवल्या गेल्या. संगणक नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाच्या चिकाटीची कल्पना येते.

निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस शाळांच्या मुलांचे सरासरी गुण जोडीदारांपेक्षा किंचित जास्त होते. परकीय भाषा सोडल्या तर सर्व विषयांत ती थोडी पुढे होती. बौद्धिक कुतूहल, पद्धतशीर विचार, नव्या परिस्थितीत मार्ग काढण्याची क्षमता यांत ती सरस ठरली. वेळेचे नियोजन करण्यात मात्र दोन्ही बाजू सारख्याच होत्या! विद्यार्थ्यांना वेळापत्रक पाळायला शिकवणे हे काम प्रयोगशील शिक्षकांनाही साधले नव्हते, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना दिलासा वाटेल.

गुणांतील फरक लहान होता, हे मान्य करायलाच हवे. पण प्रश्न पुढे जाण्याचा नव्हताच. लॅटिन आणि गणिताची ठरलेली वाट सोडली तर मुले महाविद्यालयात बुडतील, अशी भीती होती, आणि ती निराधार ठरली. याहूनही बोलकी गोष्ट दुसरी होती. ज्या शाळांनी आपला अभ्यासक्रम सर्वांत जास्त बदलला होता, त्यांच्या मुलांमध्ये आणि जोडीदारांमध्ये फरकही सर्वांत जास्त दिसला. औषधाची मात्रा वाढवावी तसा परिणाम वाढत जावा, हा वैज्ञानिकाच्या दृष्टीने भक्कम पुरावा असतो.

आक्षेपही आहेत. शाळा स्वेच्छेने आल्या होत्या, त्यामुळे त्यांचे शिक्षक मुळातच उत्साही असणार. घरची मिळकत जुळवता येते, पण मुलीला अशा शाळेत घालावे असे ज्या आईला वाटले, तिची दृष्टी कशी जुळवणार? जोड्या जुळवण्याच्या पद्धतीत ही फट राहतेच. शिवाय अहवाल आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरली होती. त्याकडे लक्ष द्यायला कोणालाच फुरसत नव्हती.

तरीही या अभ्यासाचा एक धागा आपल्यापर्यंत पोचला आहे. मूल्यमापनाचे काम राल्फ टायलर यांच्याकडे होते. परीक्षेआधी शिक्षणाची उद्दिष्टे स्पष्ट लिहावीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे विद्यार्थी बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. १९५७-५८ च्या सुमारास ब्लूम परीक्षा-सुधारणेच्या कामासाठी भारतात आले आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या. घटक चाचणीचा संविधान तक्ता करताना ज्ञान, आकलन, उपयोजन असे जे रकाने आपण आखतो, त्यांचे मूळ या परंपरेत आहे.

यानंतरचा टप्पा १९६६ चा. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळांतील सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या यशातील फरक शाळेच्या इमारती आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असल्याचे त्यांना आढळले. यावर वाद पुष्कळ झाले, पण नुसत्या निकालाचे फलक पाहून शाळेला श्रेय देणे त्यानंतर कोणाही संशोधकाला शक्य राहिले नाही.

जोड्यांमधली ती फट बुजवण्याची युक्ती अलीकडच्या काळात सापडली. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रवेश-परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. बोस्टन लॅटिन ही १६३५ ची शाळा त्यांतलीच. तिथे गुणांची एक रेषा असते. रेषेच्या एक गुण वरचे मूल आत, एक गुण खालचे बाहेर. या दोन मुलांत खरे तर काहीच फरक नसतो. त्या दिवशीचे नशीब तेवढे वेगळे. म्हणजे फिशरांची चिठ्ठी इथे आपोआप टाकली जाते. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४ मध्ये या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. आत गेलेल्यांना फार हुशार सोबती मिळाले, पण पुढील परीक्षांतील गुण जवळजवळ तेवढेच राहिले. त्याच वर्षी डॉबी आणि फ्रायर यांनी न्यूयॉर्कच्या शाळांबद्दल लिहिले की महाविद्यालयात जाण्याच्या प्रमाणातही फारसा फरक पडत नाही. अर्थात हे रेषेजवळच्या मुलांपुरतेच खरे. अगदी वरच्या मुलांबद्दल ही पद्धत काही सांगत नाही.

ग्रोटनसारख्या खासगी शाळांना मात्र अशी रेषा नसते. तिथे गुण, मुलाखत, फी आणि कुटुंबाची ओळख यांची सरमिसळ असते, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. त्यांच्याविषयी वेगळ्या बाजूने उजेड पडला तो २०२३ मध्ये. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनी प्राप्तिकराच्या आणि प्रवेशाच्या नोंदी एकत्र केल्या. चाचणीत सारखेच गुण असताना मध्यमवर्गीय मुलांपेक्षा सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले हार्वर्ड आणि तशाच मोजक्या महाविद्यालयांत दाखल होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असल्याचे त्यांना दिसले. कारणे तीन निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि तिसरे म्हणजे अभ्यासाबाहेरच्या गुणांना दिलेली श्रेणी. ही तिसरी श्रेणी शाळेच्या शिफारसपत्रांवर बरीच अवलंबून असते आणि खासगी शाळांच्या मुलांना ती वरची मिळते. १९२६ मध्ये अर्जात शिरलेले ‘व्यक्तिमत्त्व’ ते हेच.