मेंदूतील रक्तस्राव आणि औषधांची परीक्षा

रोग्याने औषध घेतले आणि तो बरा झाला, की औषधानेच तो बरा झाला असे आपण सहज म्हणून जातो. सर्दीपडशाच्या बाबतीत ही समजूत फारशी महाग पडत नाही. परंतु मेंदूतील रक्तवाहिनी फुटून माणूस आडवा पडतो, तेव्हा प्रश्न प्राणाचा असतो. रक्तस्राव लहान असेल तर काही रोगी औषधावाचूनही सावरतात. मोठा असेल तर पुष्कळ औषधे देऊनही दगावतात. मग गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे ठरवावयाचे कसे?

याचे उत्तर शोधण्याची एक रीत आपल्याच भागाने जगाला करून दाखविली आहे. चांदा हे ज्याचे जुने नाव, त्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यांतील जन्म आणि मृत्यू यांची कसोशीने नोंद ठेवण्याचा परिपाठ घातला. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन नवजात अर्भकांची शुश्रूषा केली आणि दुसऱ्या ४७ गावांत चालत आलेली व्यवस्थाच राहिली. तिसऱ्या वर्षी त्या ४७ गावांच्या मानाने ३९ गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. तुलनेला ती ४७ गावे नसती, तर यश शुश्रूषेचे की सुकाळाचे, हा वाद कधीच मिटला नसता.

नोंदवह्यांची ही सवय पुढे आणखी एका शोधास कारण झाली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील १५९९ मृत्यूंची कारणे डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. मलेरियाचा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख. परंतु मृत्यूंच्या कारणांत पहिला क्रमांक लागला तो पक्षाघाताचा! २२९ माणसे, म्हणजे शंभरांत चौदा, त्याने दगावली होती. आणि त्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक घरीच वारली होती.

ज्याला आपण लकवा म्हणतो, तो दोन प्रकारांनी येतो. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा भाग उपाशी पडतो, किंवा रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र परस्परविरुद्ध. रक्त पातळ करणारे औषध एकाला तारक, तर दुसऱ्याला घातक ठरू शकते. १९७१ साली लंडनमध्ये पहिला सी. टी. स्कॅन निघाला आणि जिवंत माणसाच्या मेंदूत साचलेले रक्त डोळ्यांनी दिसू लागले. औषधांची खरी परीक्षा त्यानंतरच शक्य झाली.

या परीक्षेत नामांकित औषधेही नापास झाली. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन सर्रास दिले जाई. १९८७ साली थायलंडमधील डॉक्टरांनी ९३ रोग्यांवर त्याची तुलना केली. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट जंतुसंसर्गादी उपद्रव वाढले आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. मॅनिटॉलची तीच गत. २००५ साली लखनौच्या डॉक्टरांनी १२८ रोग्यांत ते तपासले; एका महिन्यानंतरच्या मृत्यूंत फरक पडला नाही.

सर्वांत बोधप्रद कथा रक्त गोठविणाऱ्या सातव्या घटकाची. २००५ साली सुमारे चारशे रोग्यांत त्याने रक्तस्राव वाढण्याचे थांबविले आणि मृत्यूही घटले. आशा पल्लवित झाली. २००८ साली ८४१ रोग्यांवर पुन्हा परीक्षा झाली. रक्तस्रावाची वाढ या वेळीही कमी झाली, पण मृत्यू किंवा अपंगत्व यांत फरक आढळला नाही. चित्र सुधारले, माणूस सुधारला नाही! औषधाचा हिशेब माणसाच्या जगण्याने आणि चालण्याबोलण्यानेच करावयाचा असतो.

म्हणजे सारेच व्यर्थ काय? नव्हे. २०२३ साली भारतासह दहा देशांतील ७०३६ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाब तातडीने उतरविणे, रक्तातील साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटविणे, ही साधी कामे एकत्र व वेळेवर केली गेली. त्याने रोगी अधिक चांगल्या स्थितीत राहिले. त्याआधी २००१ साली, एकदा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या ६१०५ लोकांत रक्तदाबाच्या गोळ्यांची परीक्षा झाली होती. गोळ्या घेणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण निम्म्यावर आले.

आता या दोन गोष्टी गडचिरोलीच्या नोंदवहीशेजारी ठेवून पाहाव्यात. वेळेवरच्या उपचारासाठी इस्पितळ गाठावे लागते. इथली बहुतेक माणसे तर घरीच गेली. भामरागड किंवा सिरोंच्याच्या जंगलातून पावसाळ्यात नदीनाले ओलांडून स्कॅनपर्यंत पोहोचणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. रस्ते, वाहन आणि यंत्रे हवीतच. त्यांची मागणी करणे आपला हक्क आहे. परंतु रक्तदाब मोजण्याचे साधन आणि रोजची गोळी गावातच पोहोचू शकते. ज्या गावकऱ्यांनी आरोग्यदूताला तान्ह्या बाळाच्या खाटेपर्यंत येऊ दिले, ते म्हाताऱ्या आईबापांचा दंड मोजपट्ट्यासाठी पुढे करतील, असा आम्हांस विश्वास वाटतो. मात्र त्या गोळीचाही हिशेब गावोगाव ठेवला पाहिजे. गोळ्या किती वाटल्या याने आमचे समाधान होणार नाही. किती माणसे वाचली, हे नोंदवहीत दिसले पाहिजे.