कॅसेट, डाख आणि पाठभेद : सोलापुरातील एका टीव्ही गेमची चिकित्सा

१/ सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरील धाग्यानंतर अनेकांनी विचारले की पुढचा विषय कोणता. पुढचा विषय आमच्या मामाच्या घरातील माळ्यावर, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला सापडला. तो एक टीव्ही गेम आहे. हसू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे जे प्रश्न दप्तरखान्यात पडतात ते सर्व या प्लॅस्टिकच्या पेटीने मला विचारले, आणि त्यांतील एकाचे उत्तर मी कायमचे गमावून बसलो आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

२/ आधी वंशावळ. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचा पहिला व्यापारी गेम संच म्हणजे १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेला. खेळ यंत्रापासून वेगळा काढून बदलता येण्याजोग्या कॅसेटमध्ये चिपरूपाने ठेवण्याची सोय १९७६ च्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या संचाने आणली. त्यामागील अभियंत्यांत जेरी लॉसन हे प्रमुख. पुढच्याच वर्षी अटारीचा संच आला आणि कॅसेट ही कल्पना रुजली.

३/ सोलापूरकरांना ही कल्पना नवी वाटू नये. आपली चादर जॅकार्डवर विणली जाते. माग तोच राहतो. नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. माळ बदलली की मोराच्या जागी फूल येते. जॅकार्डचे यंत्र १८०४ च्या सुमाराचे, म्हणजे कॅसेटहून पावणेदोनशे वर्षांनी वडील. (हे साम्य माझे नव्हे. ते ज्यांनी दाखवले ते काका पुढे भेटतील.)

४/ आता आपल्या पेटीकडे. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजेच फॅमिकॉम, बाजारात आणला. हाच संच बाह्यरूप बदलून १९८५ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा त्यात एक कुलूप-चिप बसवण्यात आली. परवान्याशिवाय बनवलेली कॅसेट त्यात चालू नये हा हेतू. जपानी संचात मात्र असे कुलूप नव्हते. साठ टोकांची कोणतीही कॅसेट खोचावी आणि खेळ सुरू करावा.

५/ या न लावलेल्या कुलपातून अर्ध्या जगाचे बालपण आत शिरले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या नकला घडवल्या आणि त्यांवर बेतलेले संच पूर्व आशियातून सर्वत्र पसरले. रशियात १९९२ पासून ते डेन्डी या नावाने घरोघरी पोचले. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया, समुराई, टर्मिनेटर अशी नावे होती. पेटीवरचे नाव कोणतेही असो, मुले त्याला ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत.

६/ अस्सल माल भारतात नव्हताच असे नाही. १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत सेगाचा मेगा ड्राइव्ह येथे अधिकृतपणे विकला जाऊ लागला. किंमत १८,००० रुपये! आयातशुल्क ऐंशी टक्के असण्याचा तो काळ. अठरा हजारांत तेव्हाचे मध्यमवर्गीय कुटुंब काय काय घेऊ शकले असते ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. नकलेची बाजारपेठ चोरवृत्तीने उभी राहिली असे म्हणणे सोपे आहे. ती या दरीत उभी राहिली.

७/ मामाचा संच याच कुळातला. बाहेरून जपानी फॅमिकॉमचा चेहरा, रंग मूळचा पांढरा, आता जुन्या हस्तिदंतासारखा. दोन रिमोट, त्यांतील एकाची वायर मध्येच काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. एक बंदूक. तीन कॅसेट. अ‍ॅडाप्टर गहाळ.

८/ येथे माझा पहिला अपराध. हाताशी आलेला नऊ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मी खोचला. फॅमिकॉमच्या पिनेत मधले टोक ऋण असते आणि बाहेरचे धन. आज बहुतेक अ‍ॅडाप्टरांचे याच्या उलट. मामाचा संच मूळ फॅमिकॉमच्याच वळणाचा निघाला. क्षणभर जळकट वास आला आणि तीस वर्षे टिकलेली वस्तू माझ्या हातून मेली. निदान मला तसे वाटले.

९/ शहराच्या पूर्व भागात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. वय सत्तरीच्या आसपास, घरची भाषा तेलुगू, पूर्वज विणकर. जॅकार्डचे साम्य त्यांचेच. त्यांनी पेटी उघडली, सर्किटावर बोट ठेवले आणि म्हणाले, “सात-आठ-शून्य-पाच गेलाय. बाकीचं वाचलंय की.” ७८०५ हा तीन पायांचा नियंत्रक, आत येणारी नऊ व्होल्टची वीज तो पाचवर आणून चिपांना देतो. चिपांच्या वाटचे मरण त्याने स्वतःवर घेतले होते. शेजारचा कपॅसिटर फुगला होता. दोन्ही बदलले, डाख दिला. खर्च एका चहा-नाश्त्याइतकाही झाला नाही.

१०/ परंतु पेटी उघडल्यामुळे जे दिसले ते अधिक महत्त्वाचे. चालू-बंद करण्याचा मूळ खटका जागेवर नव्हता. तेथे टेबलफॅनला असतो तसला जाड खटका, पेटीचे भोक तापल्या सळईने मोठे करून बसवलेला. टीव्हीकडे सिग्नल पाठवणारी पत्र्याची डबीही वेगळ्या घडणीची, म्हणजे कधीतरी बदललेली. आणि झाकणाच्या आतल्या बाजूस शिसपेन्सिलीने आकडे, ‘५-९६’, त्यांच्या खाली तेलुगू लिपीत एक शब्द. काकांनी चष्मा वर सरकवून वाचला. ‘रिपेर’.

११/ मी उत्साहाने म्हणालो, काका, हा खटका काढू, भोक बुजवू, सगळे ओरिजिनल करू. काका हसले. “ह्याला ओरिजिनल कुठलं रे बाळा? हे जन्मानंच नक्कल आहे की.”

१२/ या एका वाक्यावर मी आठवडाभर अडकलो. जगभरचे संग्राहक जुने संच ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी काय काय करतात ते मी वाचले होते. उदाहरणार्थ पिवळेपणा. या पेट्यांच्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये आगरोधक म्हणून ब्रोमीनची संयुगे घालत. अतिनील किरण आणि उष्णता यांनी प्लॅस्टिक पिवळे पडते. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवतात. सोलापुरात उन्हाचा तुटवडा नाही, तेव्हा मोह मोठा होता. पण हा पांढरेपणा पुष्कळदा टिकत नाही, आणि प्लॅस्टिकला ते सोसतेच असेही नाही. मी लेप लावला नाही.

१३/ ‘मूळ’ या शब्दाची चिकित्सा आपल्याकडे फार थोर माणसांनी करून ठेवली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले; १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक; पूर्तता १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. सुकथनकरांचा दावा व्यासांच्या हातची पोथी सापडल्याचा नव्हता. उपलब्ध प्रतींवरून जितके मागे जाता येते तितके ते गेले, आणि उरलेले पाठभेद फेकून न देता तळटीपांत जपले.

१४/ आता मामाची कॅसेट घ्या. वर लिहिले आहे ‘९९९९९९९ इन १’. सूची उघडली की खेळ तेच ते, मोजके; कुठे नाव बदललेले, कुठे तोच खेळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा. लेखनिकाने पोथी फुगवावी तसा हा प्रकार. खेळ जपानी वा अमेरिकी प्रतीवरून उतरवलेले आणि कंपनीचे नाव पुष्कळदा खरवडलेले.

१५/ तुमच्या घरी ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट असेल तर तिची शाखा ओळखण्याची एक सोपी कसोटी सांगतो. कोनामीचा हा खेळ फॅमिकॉमवर १९८८ मध्ये आला. जपानी प्रतीत एक जास्तीची चिप होती, त्यामुळे पहिल्याच टप्प्यात मागची माडाची पाने डुलतात आणि पुढे बर्फाच्या टप्प्यात हिम उडते. अमेरिकी प्रतीत पाने स्थिर. मामाच्या कॅसेटमधील पाने निश्चल आहेत, म्हणजे ती अमेरिकी शाखेची. पोथीचा प्रांत एका अक्षरावरून ओळखावा, तसेच हे.

१६/ लेखनदोषही आहेत, आणि ते मला विशेष प्रिय आहेत. पुष्कळ नकली चिपांत ध्वनीच्या चौकोनी लहरींच्या दोन मापांची अदलाबदल झालेली आढळते. पंचवीस टक्क्यांच्या जागी पन्नास, पन्नासच्या जागी पंचवीस. त्यामुळे त्याच सुरावटीचा पोत बदलतो. शिवाय जपानी दूरचित्रवाणीवर सेकंदाला साठ चित्रे, आपल्या पाल पद्धतीत पन्नास. खेळाची आणि संगीताची गती चित्रांच्या संख्येशी बांधलेली असल्याने पाल संचांवर सारेच सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ. मी संगणकावर मूळ जपानी ‘मारिओ’ प्रथम ऐकला तेव्हा तो मला घाईत असल्यासारखा वाटला. चूक ऐकत वाढलेल्या कानाला शुद्ध पाठ खोटा वाटतो.

१७/ तर मग खटक्याचे काय केले? ठेवला. मे १९९६ मध्ये कोणा अनाम कारागिराने, सुटा भाग मिळत नसताना, जवळच्या दुकानातून पंख्याचा खटका आणून एका मुलाची सुट्टी वाचवली, याचा हा एकमेव पुरावा आहे. तो काढून चीनमधून मागवलेला ‘योग्य’ खटका बसवणे म्हणजे ताम्रपटावरचा नंतरचा मजकूर घासून काढण्यासारखे झाले असते.

१८/ मात्र बदल अजिबात केला नाही असे नाही. आजच्या टीव्हीवर अँटेनाच्या वाटेने येणारे चित्र खरखरते. पत्र्याच्या डबीत शिरण्यापूर्वी चित्राचा स्वच्छ सिग्नल सर्किटावर उपलब्ध असतो. एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर लावून तो थेट पिवळ्या पिनेपर्यंत आणता येतो. काकांनी तो आणून दिला. अट माझी एकच होती : डबी जागेवर राहील, नवे भोक पाडायचे नाही, आणि पुढे कोणाला वाटले तर दोन डाख काढून सारे पूर्ववत होईल. झाकणाच्या आत, जुन्या नोंदीच्या खाली, मी तारीख आणि केलेले बदल पेन्सिलीनेच लिहिले.

१९/ बंदुकीने मात्र हात टेकले. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशग्राही डोळ्याला तो चौकोन नेमक्या वेळी दिसला तरच बदक पडते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र रेषेरेषेने, ठरल्या क्षणी उमटते. सपाट पडद्यावर ते उशिरा पोचते आणि त्या रेषाही नसतात. म्हणून आजच्या टीव्हीवर बदक अमर आहे.

२०/ म्हणजे टीव्ही गेम जपायचा तर त्याच्या सोबत टीव्ही जपला पाहिजे, आणि तो टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. नळीचे टीव्ही आता भंगारवाल्याकडे येतात ते फोडण्यासाठी. तांब्याची वेटोळी निघतात, काच उकिरड्यावर. काकांच्या दुकानात एक चालता एकवीस इंची उरला आहे. तो ते विकत नाहीत. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नसले की आम्ही त्यावर बदके मारतो. त्यांचा नेम माझ्याहून चांगला आहे.

२१/ अशा वस्तू कोण जपणार? पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, बाहुल्या जमवल्या, त्या काळी इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे असे मानले जात असताना. आज त्या संग्रहालयात गेल्याशिवाय मराठी घर कसे होते हे कळत नाही. टीव्ही गेमचे तसे दालन कोठे पाहिल्याचे मला आठवत नाही. तोवर हे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि आपल्यासारख्यांच्या माळ्यांवर चालले आहे.

२२/ आता तो गमावलेला दुवा. तीन कॅसेटपैकी एकीवरचा कागद फाटका, मळकट होता. पहिल्याच दिवशी, काही कळण्यापूर्वी, मी ती कॅसेट ‘स्वच्छ’ केली. ओल्या फडक्याने कागद खरवडून काढला. मामाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, अरे, त्यावर दुकानाचा शिक्का होता ना? गड्ड्याच्या यात्रेत घेतली होती की नव्या पेठेत, ते मला शिक्का बघूनच आठवायचं. सोलापुरात हा माल कोणत्या हातांतून आला याचा माझ्याकडचा एकमेव लेखी पुरावा मीच मोरीत धुऊन टाकला.

२३/ म्हणून विनंती. माळ्यावर, पलंगाखाली, आजीच्या ट्रंकेत असा संच असेल तर पुसण्यापूर्वी छायाचित्र घ्या. कॅसेटची मागची बाजू, खोक्यावरची किंमत, हमीपत्रावरचा शिक्का. पेटी उघडता येत असेल तर झाकणाच्या आत पाहा. कोणी काही लिहिले असेल तर लिपी कोणतीही असो, पाठवा. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सर्वांनी मारली आहे, ठाऊक आहे. ओलाव्याने टोके गंजतात. खेळ चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळे.

२४/ पुढच्या धाग्यात गल्लीतील नाण्यावरचे गेम पार्लर. कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला आख्ख्या देशाने ‘मुस्तफा’ का म्हटले, तेथून सुरुवात करू. ज्यांच्या वडिलांचे वा काकांचे असे पार्लर होते त्यांनी संदेश पाठवावा.