पियानो : तत की घन?
तत (तारेची), अवनद्ध (चामड्याने मढवलेली), घन (ठोकून वाजणारी भरीव) व सुषिर (हवेने वाजणारी) हे वाद्यवर्ग भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील आहेत. त्यांत पियानो ‘तत’ ठरतो, कारण नाद तारेचा. ८८ पट्ट्यांपैकी एक दाबली की नमदा मढवलेली हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते. पट्टी सोडताच नमद्याची गादी तारेवर टेकून नाद थांबवते. हातोडीच्या आघातामुळे पियानोला आघातवाद्यही म्हणतात. पण संतूरही कलमांच्या आघातानेच वाजते आणि ततच राहते. हॉर्नबोस्टेल-झाक्स वर्गीकरणातही (१९१४) पियानो तंतुवाद्यच आहे. पेटीच्या पट्ट्या तशाच दिसतात, पण तिथे भात्याच्या हवेने पितळी पत्ती थरथरते. म्हणून पेटी सुषिर. — संपादक