खाकीतले गुरुजी आणि बुलढाण्याचे बाण

बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण असले तरी तिथे रेल्वे पोहोचलेली नाही. गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने मे २०२३ मध्ये शांघायच्या धनुर्विद्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९–१४८ असे हरवले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. श्लोसर साधा प्रतिस्पर्धी नव्हे. २०१५ मध्ये साठच्या साठ बाण दहाच्या वर्तुळात मारून ६०० पैकी ६०० गुण मिळवणारा तो जगातला पहिला धनुर्धर.

प्रथमेशला घडवणारे चंद्रकांत इलग बुलढाणा पोलीस दलातले. बंदोबस्त आणि ड्युटी सांभाळून त्यांनी जिल्ह्यात कंपाऊंड धनुर्विद्या रुजवली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडूच्या जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत सुवर्णपदके मिळवली. २०२१ मध्ये पोलंडच्या व्रोत्सवाफमध्ये युवा जागतिक स्पर्धेत भारताच्या कॅडेट संघाने अमेरिकेला २३३–२३१ असे नमवले, त्या तिघांत बुलढाण्याचा मिहीर अपार होता.

खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न गणवेशाने सोडवण्याची रीत जगभर आहे. इटलीचे कितीतरी स्कीपटू लष्कराच्या वा पोलीस दलाच्या पगारावर सराव करतात, आणि पुढे त्यांच्यातलेच काही प्रशिक्षक होतात. महाराष्ट्रात हेच काम पोलिसांच्या नोकरीने केले. साताऱ्याचे प्रवीण सावंतही पोलीसच. त्यांच्या अकादमीतले ओजस देवतळे आणि अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेते झाले. त्या विजयाचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते; पण महिन्याच्या बांधलेल्या पगाराने या खेळाला केवढा आधार दिला, हे फारसे कुणी लिहिले नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासींना तीरकमठा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कंपाऊंड धनुष्याची तऱ्हा मात्र निराळी. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दोन टोकांच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, आणि नेम स्थिर धरता येतो. बाण सुटतो तो बोटांनी नव्हे, हातातल्या ‘रिलीज’ने. अंतर ५० मीटर, दहाचे वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटरचे. सामन्यात १५ बाण, १५० गुण. एक बाण नऊवर गेला की तो गुण परत मिळत नाही, म्हणून प्रशिक्षकाचा खरा कस लागतो तो बाण सुटेपर्यंत मुलाला शांत ठेवण्यात. प्रत्येक बाणाला तोच उभा पवित्रा, तोच श्वास, जबड्यापाशी हाताची तीच जागा.

शांघायनंतर चार महिन्यांनी मेक्सिकोत विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत प्रथमेशने श्लोसरला पुन्हा हरवले, या वेळी १५० पैकी १५० मारून. अंतिम लढतीत डेन्मार्कच्या मॅथियस फुलर्टनशी बरोबरी झाली. निर्णायक बाणावरही दोघांनी दहाच मारले, पण फुलर्टनचा बाण केंद्राच्या अधिक जवळ होता. ऑक्टोबरमध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५–२३० असे हरवून सुवर्ण आणले.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा प्रथमच समावेश होत आहे, तोही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणजे प्रत्येक देशाकडून एक मुलगी आणि एकच मुलगा.