निळू फुले ‘खलनायक’ होते, हे कशावरून?

निळूभाऊंचं नाव काढलं की डोळ्यांसमोर काय येतं? टोपी, खर्जातला आवाज, वाडा आणि मिमिक्री करणाऱ्यांनी झिजवून टाकलेली ती हाक. ठाण्यातल्या कुठल्याही गॅदरिंगला बसा, ऐकायला मिळेलच. पण एखाद्या नटाची कारकीर्द संशोधनाला घेणार असाल, तर ही आठवण पुरावा म्हणून वापरू नका. ती हाक कोणत्या सिनेमातली, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगात, हे सापडेपर्यंत टिपणात लिहायची नाही. ती फार तर प्रेक्षकांबद्दलचा पुरावा आहे, नटाबद्दलचा नाही.

मग नटाबद्दलचा पुरावा कुठे शोधायचा? विज्ञान शिकल्यामुळे मी सवयीनं आधी ‘कंट्रोल’ शोधते. इतिहासात तो सहसा मिळत नाही. इथे मात्र जवळपास मिळालाय.

‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) शेजारी ठेवून बघा. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि दोन्हींत निळू फुले आणि श्रीराम लागू. म्हणजे बरंच काही स्थिर आहे. बदलतं काय, तर सत्तेची बाजू. ‘सामना’त फुले साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आणि लागू त्यांना मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहणारे मास्तर. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये लागू होतात मुरब्बी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, आणि फुले होतात दिगू टिपणीस, सगळं जवळून पाहणारा पत्रकार. प्रश्न विचारणारा माणूस सत्तेत गेला, सत्तेतला माणूस बघ्या झाला. दिगूकडे हिंदुरावाचा दरारा औषधालाही नाही. दोन्ही सिनेमे एका दिवसात, वही घेऊन बघा. संवाद लिहू नका, फुले गप्प असतात तेव्हा काय करतात तेवढंच लिहा.

यातून काय सिद्ध होतं? एवढंच, की हा नट दोन्ही करू शकत होता. मग बाकीच्यांनी त्यांना पुन्हापुन्हा पाटील आणि सरपंचच का दिले, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर अभिनयात नाही, ते त्या काळच्या ग्रामीण चित्रपटांच्या धंद्यात शोधावं लागेल. हे दोन प्रश्न एकात मिसळले की प्रबंध फसतो. हिंदीनंही तेच केलं म्हणा: ‘सारांश’ (१९८४) मध्ये पुन्हा धमकावणारा पुढारी.

सुरुवात कुठून झाली तेही बघा. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं नाव झालं, मग अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधून सिनेमा. म्हणजे ज्याला आपण वाड्यातला पाटील समजतो, तो समाजवादी चळवळीतून, गाणी-वगनाट्यं करत आलेला माणूस.

आणि रंगभूमी. १९७२ चं ‘सखाराम बाइंडर’ घ्या. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, समोर लालन सारंग, परिनिरीक्षण मंडळाचा विरोध, हायकोर्टातली लढाई. सखाराम क्रूर आहे, पण त्याला खलनायक म्हणून बाजूला सारता येत नाही. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये तर हेच फुले गांधीवादी म्हातारा. या भूमिका यूट्यूबच्या आठवणीत नाहीत, कारण नाटक संपलं की पडदा पडतो आणि हाती फारसं काही उरत नाही. सिनेमांची यादी म्हणजेच कारकीर्द असं धरलंत, तर नेमका हाच भाग गळेल. आणि गळला की ‘खलनायक’ हा शब्द आपोआप खरा वाटायला लागतो.

तेव्हा यादी दोन रकान्यांत करा, सिनेमा आणि नाटक, आणि नाटकाचा रकाना आधी भरा. जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती, परीक्षणं, सहकलाकारांची आत्मकथनं, कोर्टाचे कागद. ठाण्यात राहत असाल तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे, आधी तिथे चौकशी करा, मग पुण्याचं तिकीट काढा.