भट्टीवाल्याने राखलेलं रान

सख्यांनो, युरोपात, आजच्या चेक देशात, झोफिन नावाचं जुनं रान आहे. त्यात बीच ही पानझडी झाडं सर्वांत जास्त. रानाचा मालक होता काउंट ब्युक्वा. त्याचे काचेचे कारखाने होते आणि तेव्हा काचेच्या भट्ट्या लाकडावर चालत. तरी १८३८ साली त्याने हुकूम काढला, या रानाला कुऱ्हाड लावायची नाही. तिथे पडलेलं झाड उचलत नाहीत. ते जागीच कुजतं, त्यावर नवी रोपं धरतात. बघायला येणाऱ्यांनाही आत मनाई आहे.

आपल्याकडेही कितीतरी देवरायांत वाळकी काटकी उचलत नाहीत. पण चूल आपल्यालाच पेटवायची असते. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, सरपणाची झाडं बांधावर लावायची. देवराईला हात लावायचा नाही.